बाईकला शोभेचे एलईडी : खाऱ्या वाऱ्यात टिकतील असे कसे लावावेत?

गडनदीकाठ | २३ मे, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

माझी गाडी १५० सीसीची, सहा वर्षांची. आचऱ्याहून कणकवलीला रोजचं जाणं-येणं. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी शहरातल्या एका दुकानातून तिला रंगीत एलईडीच्या पट्ट्या लावून घेतल्या. इंजिनाखाली दोन, टाकीच्या कडेने दोन, मागच्या चाकाजवळ एक, आणि मोबाईलवरून रंग बदलणारा कंट्रोलर. पहिले पंधरा दिवस गाडी फार देखणी दिसली. चतुर्थीला मुंबईहून आलेली भावंडं आरती झाली की खळ्यात गाडीभोवतीच. सारवलेल्या जमिनीवर खालून उजेड पडतो ना, तेव्हा गाडी जमिनीपासून चार बोटं वर तरंगतेय असं वाटतं. ते मला मनापासून आवडलं होतं आणि आजही आवडतं, हे आधीच सांगतो. 'कशाला हवेत असले दिवे' या प्रश्नाचं माझं उत्तर तेवढंच आहे.

दिवाळीपर्यंत एकेक पट्टी टोकाकडून मंद होत गेली आणि विझली. डिसेंबरात आठ दिवस तापाने घरी होतो. नवव्या दिवशी सेल्फ मारला तर नुसती टिकटिक. किक मारून गाडी चालू झाली, पण बॅटरी पुन्हा कधी नीट धरली नाही.

परवा रविवारी सगळं खोललं. जे दिसलं त्यासाठीच हा धागा काढतोय. पट्टीवरचं सिलिकॉनचं आवरण नखाने सोललं. जिथे पट्टी कापून वायर झाळली होती तिथे सोल्डरचा ठिपका शाबूत होता, पण त्याच्या खालचं तांबं गायब. त्या जागी हिरवी ओलसर भुकटी. नख लावलं तर सोल्डरचा मणी वायरीसकट हातात आला. चारही वायरी एकाच पट्टीच्या, एकाच पावसात भिजलेल्या. पण खाल्ली गेली होती ती एकच : काळी, म्हणजे या पट्ट्यांत बारा व्होल्टची. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या तिन्ही वायरींचं तांबं जवळजवळ नव्यासारखं. पाचही पट्ट्यांत हेच. हा योगायोग नाही.

मग मल्टिमीटर लावला. किल्ली काढलेली, मोबाईलवरून दिवे बंद केलेले, तरी कंट्रोलर २२ मिलीअँपिअर ओढत होता. दिवसाला अर्धा अँपिअर-अवर झाला. माझी बॅटरी ५ची. आठ दिवसांत तिचं काय झालं असेल ते कळलं.

यंदा पुन्हा लावायचे आहेत, पण स्वतःच्या हाताने. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, ती एकच वायर का सडली? दोन, पट्टी कुठल्या प्रकारची घ्यावी? तीन, पावसाळ्याआधी करावं की नंतर? ज्यांनी किनाऱ्यावर राहून केलंय त्यांनी जरूर लिहा. पुण्या-नाशिकच्या मित्रांनी सांगितलेलं सगळं करून झालंय, पण तिकडे खारा वारा नाही.

---

ट्रॉलरवायरमन | २३ मे, रात्री ११:४०

काळी वायरच कित्याक गेली ता माका पहिल्या ओळीतच समाजला. होड्यांचा काम करणाऱ्याक ह्या रोजचा आसा. सगळ्यांना कळावं म्हणून पुढचं साध्या मराठीत लिहितो.

तुमच्या रंगीत कंट्रोलरमध्ये बारा व्होल्टची वायर सगळ्या रंगांना सामाईक असते. कंट्रोलर उघडझाप करतो ती लाल, हिरव्या, निळ्या वायरीची, म्हणजे निगेटिव्ह बाजूची. मोबाईलवरून 'बंद' केलं तरी पट्टीवर बारा व्होल्ट उभेच असतात, रात्रंदिवस. गाडीची चासी निगेटिव्ह. मध्ये काय? खाऱ्या हवेने धरलेला ओलसर थर. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे पाऊस नसला तरी तो थर पूर्ण सुकत नाही. बारा व्होल्ट, मिठाचं पाणी आणि निगेटिव्ह, शाळेतला विद्युत अपघटनाचा प्रयोगच झाला की हा. त्यात पॉझिटिव्हचं तांबं विरघळतं, निगेटिव्हचं राहतं. तुमची पट्टी चार महिने झिजत होती, आणि त्यातला बहुतेक वेळ गाडी उभीच होती.

ट्रॉलरच्या तळाला जस्ताचे तुकडे ठोकतात ते का? जस्त आधी झिजावं आणि पंखा-शाफ्ट वाचावा म्हणून. बाईकला तसं काही करता येत नाही. मग उपाय एकच, गाडी उभी असताना पट्टीवर व्होल्टेजच ठेवायचं नाही. पॉझिटिव्हच तोडायचा. किल्ली बंद केली की पट्टी पूर्ण मेली पाहिजे.

त्यासाठी चार पायांचा रिले घ्या (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच). ८५ आणि ८६ ही त्याची कॉइल : एकाला किल्लीनंतरची वायर (मागच्या पार्किंग दिव्याची मिळते), दुसऱ्याला अर्थ. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ वरून दिव्यांकडे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत. तो दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघड्यावर पडली म्हणून समजा.

दुसरं, वायर कल्हई केलेली घ्या. बोटीच्या सामानाच्या दुकानात मिळते, तार कापली की आत चंदेरी दिसते. साधी तांबडी तार टोकाकडून ओलावा आत शोषत जाते. मी अशा वायरी सोलल्यात की टोकापासून हातभर आतपर्यंत काळ्या.

---

पायलट_लॅम्प | २४ मे, सकाळी ८:०५

वायरमन काकांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. वायर का सडली याचा इतका सरळ खुलासा मी आजवर वाचला नव्हता.

मी एक भर घालतो. 'बारा व्होल्टची पट्टी' खरंच बारा व्होल्टसाठी असते आणि चालू गाडीत मिळतात चौदाच्या वर. आकडा छोटा वाटतो, परिणाम छोटा नाही. या पट्टीत तीन-तीन एलईडी एका रांगेत आणि त्यांच्यापुढे एक रेझिस्टर असतो, म्हणूनच ती तीन दिव्यांच्या खुणेवरच कापता येते. पांढऱ्या रंगाचे तीन एलईडी मिळून साधारण ९.३ व्होल्ट घेतात. बाराला रेझिस्टरवर २.७ उरतात, १४.४ला ५.१. एलईडी आपले व्होल्ट फारसे वाढवून घेत नाही, सगळी वाढ रेझिस्टरवर येते आणि करंट जवळपास दुप्पट होतो. पट्टी सुरुवातीला झकास उजळ दिसते, मग पिवळी पडते, मग एकेक तुकडा मरतो. त्यात ती इंजिनाशेजारी चिकटवलेली.

उपाय अगदी साधा आहे. पट्टीच्या आधी १एन५४०८ नंबरचे तीन डायोड एकापुढे एक झाळायचे. हे ३ अँपिअरचे, प्रत्येकावर पाऊण व्होल्टच्या आसपास पडतो. १४.४चे बारा-सव्वाबारा होतात. व्होल्टेज खाली आणणारे छोटे बक कन्व्हर्टरही मिळतात, पण त्यात उघडं सर्किट असतं, आपल्याकडच्या हवेत त्याचीच काळजी वाहावी लागते. डायोडला सडायला फारसं काही नाही. तिन्ही झाळून अॅराल्डाइटमध्ये गच्च बुडवून टाका.

पट्टी २८३५ची घ्या (२८३५, ५०५० हे एलईडीच्या आकाराचे नंबर), एकाच रंगाची. मीटरला ६० दिवे असलेली २८३५ साधारण ४.८ वॅट घेते, म्हणजे ०.४ अँपिअर. तीच रंगीत ५०५० असेल तर १४.४ वॅट, १.२ अँपिअर. दोन मीटर ५०५० पांढऱ्यावर ठेवली तर २.४ अँपिअर झाले. ३५ वॅटच्या हेडलाईटच्या जवळ गेलात. एप्रिल २०१७ पासूनच्या गाड्यांत हेडलाईट कायम चालूच असतो, तो बंद करून भार हलका करायचीही सोय नाही. गाडी आयडलवर असताना चार्जिंग मुळातच कमी.

---

जुनीस्प्लेंडर | २४ मे, दुपारी १:३०

माझी २००३ची स्प्लेंडर आहे. हेडलाईटच्या वायरीतून जोडलं तर चालेल का? रिले वगैरे नको वाटतं.

---

पायलट_लॅम्प | २४ मे, दुपारी २:१०

नको. त्या गाडीचा हेडलाईट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो, बॅटरीवर नाही. रेस केली की व्होल्टेज वर, सोडली की खाली, आणि एलईडी लुकलुकत राहतील. इंडिकेटर आणि हॉर्न डीसीवर आहेत, किल्लीनंतरची ती वायर घ्या. पण तुमची बॅटरी लहान आहे, एक मीटरच्या पुढे जाऊ नका.

---

मिऱ्याबंदर | २४ मे, रात्री ९:५५

मी रत्नागिरीची. तीन वर्षांपूर्वी माझ्या गाडीला इंजिनाखाली पिवळसर पट्टी लावली, अजून चालू आहे. माहेर गुहागरकडे, त्यामुळे जयगड-तवसाळ फेरीबोटीने महिन्यातून दोनदा तरी गाडी पलीकडे नेते. बोटीवर पाण्याचे तुषार थेट गाडीवर येतात. म्हणजे परीक्षा चांगलीच झालेली आहे.

माझ्या अनुभवात पट्टी मरायच्या आधी सुटते. दुहेरी टेप चांगला असला तरी ज्या पत्र्यावर लावायचा तो आपल्या हवेत कधीच स्वच्छ नसतो. बोट फिरवून चाटून बघा, खारट लागतं. मी असं केलं : भरपूर गोड्या पाण्याने फ्रेम धुतली, दिवसभर उन्हात वाळवली, मग कापसाला स्पिरिट लावून तीनदा पुसलं. तिसऱ्या कापसावर डाग उरला नाही तेव्हाच टेप लावला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत गाडीला हात लावला नाही. टेपला बसायला वेळ लागतो. वर दर वीतभरावर काळे केबल टाय. पांढरे टाय एका उन्हाळ्यात उन्हाने कडकडून तुटतात.

त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : आत्ताच करा, मे संपायच्या आत. एकदा मृग लागला की पत्रा सुकतच नाही.

सिलिकॉन विकत घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते घेऊ नका. त्यातून सुकताना अॅसिटिक अॅसिड सुटतं आणि तेच तांबं खातं. माझी पहिली पट्टी याने गेली, समुद्राने नाही. 'न्यूट्रल' लिहिलेलं मागा. जोडावर आतून गोंद असलेली श्रिंक ट्यूब घाला, तापवल्यावर दोन्ही टोकांतून गोंदाचा थेंब बाहेर आलेला दिसला पाहिजे. नाही दिसला तर काढून दुसरी घाला.

हँडलजवळ वायर नेणार असाल तर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. ताण आला तर आठवड्यात आतली तार तुटते आणि वरून काहीच कळत नाही.

---

सावंतवाडी_लॉ | २५ मे, सकाळी ११:२०

धाग्यात कायद्याचा भाग राहिलाय म्हणून लिहितो.

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९चा नियम १०८ नीट समजून घ्या. गाडीच्या पुढच्या बाजूला लाल उजेड दिसता कामा नये आणि मागच्या बाजूला लाल सोडून दुसरा दिसता कामा नये. इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा, रिव्हर्सचा दिवा असे अपवाद आहेत. लाल-निळ्या-पांढऱ्या बहुरंगी दिव्यांची मुभा आपत्कालीन कामाच्या वाहनांना आहे, तुम्हा-आम्हाला नाही. म्हणजे मागच्या चाकाजवळची निळी किंवा हिरवी पट्टी, जी मागून येणाऱ्याला थेट दिसते, ती चुकीचीच. उघडझाप करणारी तर आणखी चुकीची, कारण ती इंडिकेटर गिळते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाने बेकायदा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पट्टी त्यात बसते की नाही हा वाद रात्री नाक्यावर उभं राहून घालायची वेळ येऊ नये. माझं मत : दिवा स्वतः कुठूनही दिसू नये, फक्त जमिनीवर पडलेला उजेड दिसावा. रंग एकच आणि स्थिर. रस्त्यावर चालताना बंदच ठेवलात तर प्रश्नच मिटला. गाडी वॉरंटीत असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी कार्ड वाचा.

---

भुईबावडा | २५ मे, रात्री १०:३०

चालताना बंद, याला माझे शंभर टक्के अनुमोदन आणि कारण कायद्याचं नाही. मी रात्री घाटाने ये-जा करतो. टाकीखालचा उजेड पायावर आणि हँडलच्या खालच्या भागावर पडतो, डोळ्यांची बाहुली लहान होते आणि पुढचा काळोख आणखी काळा होतो. निळा-पांढरा असेल तर जास्तच, कारण अंधारात डोळा निळसर उजेड अधिक टिपतो. पावसात तर गाडीभोवती उडणारा प्रत्येक थेंब चमकतो. आणि पावसाळ्यात गुरं कुठे बसतात ते सगळ्यांना माहीत आहे, कोरड्या डांबरावर, वळणाच्या पलीकडे. काळ्या म्हशीसाठी डोळे मोकळे हवेत.

बाजूने दिसावं म्हणून दिवे हवे असतील तर त्यापेक्षा परावर्तक पट्टी चिकटवा. तिला बॅटरी लागत नाही.

---

गडनदीकाठ | २६ मे, रात्री ९:१५

सगळ्यांचे आभार. वायरमन काका, तुमचा प्रतिसाद मी दोनदा मोठ्याने वाचून वडिलांना ऐकवला. ते म्हणाले, 'होडीवाल्याक इचारूक होया होता ता दुकानदाराक इचारलंस.'

भुईबावडा, मला हे जाणवलं होतं पण शब्दांत मांडता आलं नव्हतं. गेल्या वर्षी रात्री येताना डोळ्यांवर ताण यायचा आणि मी तो थकवा समजत होतो. ठरवलं, हँडलवर स्वतंत्र बटण आणि गाडी थांबलेली असतानाच दिवे. टाकीच्या आणि मागच्या पट्ट्या नकोतच. फक्त इंजिनाखाली दोन.

---

अंजर्ले_किनारा | २७ मे, सकाळी ७:४५

मला एक विनंती करायची आहे, धाग्याच्या विषयाला धरूनच आहे.

आमच्याकडे, वेळासला आणि किनाऱ्यावर आणखी बऱ्याच ठिकाणी ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. हंगाम साधारण नोव्हेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्रच्या लोकांनी २००२ मध्ये अंडी वाचवायचं काम सुरू केलं आणि गाव त्यात उतरलं. पिल्लू वाळूतून वर आलं की उजळ क्षितिजाकडे चालतं. समुद्रावरचं आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, ही त्याची मोठी खूण. आता पुळणीवर चार बाईक उभ्या करून निळे-पांढरे दिवे लावून फोटो काढत बसलं तर पिल्लाला समुद्र कुठला ते कळत नाही, ते उलट दिशेने सुरूच्या बनात जातं. सकाळी तिथे कावळे आणि कुत्रे असतात.

मी स्वतः असं वाट चुकलेलं पिल्लू उचललंय. तळहातापेक्षा लहान, वल्ह्यांसारखे पाय चालूच. हातात धरलं तरी थांबत नाही.

म्हणून हंगामात पुळणीवर दिवे बंद ठेवा, हेडलाईटसुद्धा. गाडी वरच रस्त्यावर ठेवून खाली चालत या. रंग निवडताना पिवळसर किंवा अंबर घेतलात तर निळ्या-पांढऱ्यापेक्षा त्रास कमी, पण बंदला पर्याय नाही.

---

मिऱ्याबंदर | २७ मे, सकाळी ९:००

अंजर्ले, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी पिवळसर पट्टी फक्त आवडली म्हणून घेतली होती. आमच्या बाईकवाल्यांच्या गटात हे आजच सांगते.

---

गडनदीकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ८:५०

धागा वर काढतोय, कारण काम ३० मेला झालं आणि पूर्ण पावसाळा आणि गणपती पार पडले.

काय केलं ते सांगतो. पिवळसर २८३५ पट्टी, सिलिकॉनच्या नळीतली, ७५ सेंटिमीटरचे दोन तुकडे. मिळून दीड मीटर, ०.६ अँपिअर. बॅटरीजवळ २ अँपिअरचा फ्यूज, रिले, तीन डायोड अॅराल्डाइटमध्ये, कल्हईची वायर. बटण रिलेच्या कॉइलच्या वायरीत घातलं, म्हणजे बटणातून अगदी थोडा करंट जातो आणि बटण बंद असलं की पट्टीवर काहीच नाही. पट्ट्या फ्रेमच्या खालच्या नळीच्या आतल्या अंगाला, सायलेन्सरच्या वाकापासून चार बोटं लांब, तोंड सरळ जमिनीकडे. वाकून पाहिल्याशिवाय एकही दिवा दिसत नाही. किल्ली बंद असताना मीटरवर शून्य.

एक चूक झाली ती सांगायला हवी. उजव्या पट्टीच्या मोकळ्या टोकाला मी नुसती टोपी बसवली होती, सिलिकॉन भरलं नव्हतं. ऑगस्टमध्ये नळीच्या आत धुकं धरलं. काढून उन्हात वाळवली, न्यूट्रल सिलिकॉन भरून पुन्हा बसवली. मंडळी, वायर नसलेलं टोकही तितकंच बंद करा.

काल एक जोड मुद्दाम कापून पाहिला. जिथे गेल्या वर्षी हिरवी भुकटी होती तीच जागा, तीच बारा व्होल्टची बाजू. श्रिंक ट्यूब ब्लेडने उभी चिरली. गोंद पारदर्शक, आत ओलावा नाही आणि तांबं गुलाबी, विकत आणलं तेव्हा होतं तसं. फोटो काढलाय, उद्या टाकतो.

चतुर्थीला भावंडं आली होती. आरती झाल्यावर धाकट्या चुलतभावाने विचारलं, रंग का बदलत नाहीत? मी गाडी सुरू करून बटण दाबलं. खळ्यावर पिवळा उजेड पडला, बाजूला आजीने लावलेली समई होती तिच्याच रंगाचा. तो तिथेच उकिडवा बसून वायर कुठून कुठे जाते ते विचारत राहिला, आणि आम्ही दोघांनी टॉर्च घेऊन फ्यूजपासून शेवटच्या टोकापर्यंत सगळं पाहिलं.

---

ट्रॉलरवायरमन | १६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

बरा केलंस. पण कापलेलो जोड आज रातीच बंद कर, फोटो उद्या टाक.

---

गडनदीकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

झाला काका. दोन्ही टोकांतून गोंद आलेला बघूनच आत आलो.